कॉलेज सोडून मुंबई गाठायची का? सांगलीच्या एका आईला उत्तर

ताई,

तुमची लेक बारावी झालीय, 'कॉलेज नको, मुंबईला जाऊन अभिनेत्री व्हायचंय' म्हणतेय. आणि फोनवरून कुणीतरी 'मालिकेत काम पक्कं, फक्त रजिस्ट्रेशन आणि फोटोंचे ४० हजार भरा' असं सांगितलंय. आधी त्या फोनचं बोलू. एक रुपयाही भरू नका. कास्टिंग करणाऱ्याचा मोबदला निर्मात्याने द्यायचा असतो. कलाकाराकडेच आगाऊ पैसे मागणाऱ्याकडे बहुतेक वेळा द्यायला कामच नसतं. सुरुवातीला खिडकीच्या उजेडात, मेकअपशिवाय, समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढलेले साधे फोटो पुरतात.

लेकीची ओढ मात्र खरी दिसते, म्हणून तिला पदवीची तीन वर्षं द्या. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, शिवाय किमान सहा नाटकांत काम केलेलं असावं लागतं. निवड झाली की दरमहा विद्यावेतन मिळतं. मुंबई विद्यापीठाच्या अकादमी ऑफ थिएटर आर्ट्सचा अभ्यासक्रमही पदवीनंतरचाच. पदवीच नाटकात करायची असेल, तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. कॉलेज आत्ता सोडलं तर यातले पुढचे दरवाजे तिने स्वतःच लावून घेतल्यासारखं होईल.

ती सहा नाटकं कुठून आणायची? कॉलेजच्या एकांकिकांतून, हौशी संस्थांतून, राज्य नाट्य स्पर्धेतून. भूमिका मिळाली नाही तर नेपथ्य लावायला, प्रॉम्प्टिंगला (विंगेतून संवाद सुचवायला) उभं राहावं. तालमी बघूनही पुष्कळ शिकता येतं. नाटकाच्या ज्या पत्रिकेवर तिचं नाव छापलंय ती पहिल्या दिवसापासून फाईलला लावा. अर्जाच्या वेळी तीन वर्षांपूर्वीची पत्रिका शोधताना मुलं रडकुंडीला येतात.

या शिक्षणाने काय होतं ते अभिनेत्री रोहिणी हट्टंगडींच्या वाटचालीत दिसतं. त्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून १९७४ साली बाहेर पडल्या. १९८२च्या 'गांधी' सिनेमात कस्तुरबा साकारल्या, त्यासाठी बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला. 'सारांश' सिनेमा आला १९८४ साली. त्यात तरुण मुलगा गमावलेली म्हातारी आई त्यांनी उभी केली तेव्हा त्यांचं वय होतं अवघं तेहतीस. पाठीचा बाक, बसता-उठतानाचा वेळ, आवाजातली थकावट हे सगळं शरीराला शिकवावं लागतं. नुसत्या चेहऱ्यावर आलेल्या मुलीला तिशीनंतर भूमिका कमी होत जातात. हट्टंगडींना मात्र नाटक, सिनेमा, मालिका असं काम पुढेही मिळत राहिलं.

आता लेकीने आजपासून काय करायचं? पहिलं काम आवाजाचं. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नवखी मुलं नेमका शेवटच गिळतात. 'तो आला नाही'मधला 'नाही' विसाव्या रांगेत पोचला नाही, की प्रेक्षकाला उलटाच अर्थ कळतो. रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू येतो का, एवढंच तपासायचं. 'ण'चा 'न' होत असेल तर प्रमाण उच्चार शिकावाच, पण सांगलीकडची बोली पुसून टाकू नये. ती अस्सल बोलणारी मुलगी दिग्दर्शकाला हवी असते आणि शहरात सहज सापडत नाही.

ऑडिशनचा व्हिडिओ एक-दीड मिनिटाचा पुरे. मागे साधी भिंत, उजेड समोरून, फोन कशावर तरी टेकवलेला. नाव, वय, उंची, येणाऱ्या भाषा सांगायच्या, दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवायचा, मग संवाद. पार्श्वसंगीत अजिबात नको, त्यात आवाज पारखता येत नाही.

पैशांचंही मोकळेपणाने सांगते. नाटकात प्रयोगागणिक 'नाइट', म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन मिळतं, प्रयोग नसला की काही नाही. मालिकेत दिवसाचे पैसे ठरतात, ते पुष्कळदा तीन महिन्यांनी हातात पडतात. बारा-बारा तासांची शिफ्ट असते आणि त्या दिवसाचे संवाद कित्येकदा सेटवर गेल्यावरच मिळतात. म्हणून पदवीनंतर मुंबईला पाठवाल तेव्हा सहा महिन्यांचं भाडं आणि जेवणखर्च बाजूला काढून ठेवा. ते ४० हजार आजच तिच्या नावे बँकेत टाका, सुरुवात तिथूनच होईल.