तक्त्यातला शिक्षक नेमका कोण?

सोलापूर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

चर्चासत्रासाठी केलेला तुझा तक्ता पाहिला. उच्च शिक्षणातले शिक्षक भारतात 2021-22 मध्ये सुमारे 15.98 लाख, अमेरिकेत 2021 च्या शरद सत्रात सुमारे 15 लाख. वर्षं जुळवलीस, हे उत्तम. बरेच जण तिथेच घसरतात. पण 'शिक्षकसंख्येत भारत अमेरिकेच्या पुढे' हे खालचं वाक्य आधी खोड.

विद्यार्थी आपल्याकडे 4.33 कोटी, तिकडे 1 कोटी 87 लाखांच्या आसपास. म्हणजे एका शिक्षकामागे इथे 27, तिथे 12-13. इथवर भागाकार करून कुणीही पोचेल. तुझ्याकडून मला याच्या पुढचं हवंय.

अमेरिकेच्या त्या 15 लाखांत पूर्णवेळ शिक्षक 56 टक्केच. बाकीचे अर्धवेळ, त्यातले कित्येक एखाददुसरा विषय शिकवून जाणारे. फक्त पूर्णवेळ धरलेस तर शिक्षक उरतात 8.4 लाख आणि प्रत्येकामागे विद्यार्थी होतात 22. देश तोच, वर्ष तेच, उत्तर मात्र जवळपास दुप्पट! शिवाय तिकडे अर्धवेळ विद्यार्थीही पुष्कळ आहेत. म्हणूनच ओईसीडी ही विकसित देशांची संघटना हे गुणोत्तर काढताना शिक्षक आणि विद्यार्थी दोन्ही पूर्णवेळाच्या हिशेबात बसवते, म्हणजे दोन अर्धे मिळून एक. युनेस्कोच्या शिक्षकसंख्येत मात्र डोकी मोजलेली असतात. कुठला आकडा कुठल्या पद्धतीचा, हे तक्त्यातच लिही.

आता आपली बाजू. 4.33 कोटींत मुक्त आणि दूरशिक्षणाचे विद्यार्थीही आहेत. आपल्या भागात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी करणारे किती भेटतात, तुला ठाऊक आहे. ते रोज वर्गात बसत नाहीत, त्यामुळे 27 हा आकडा वर्गातल्या गर्दीचा समजू नकोस. आणखी एक घोळ खास आपल्याकडचा. सोलापुरात एकाच इमारतीत, एकाच स्टाफरूममध्ये ज्युनिअर आणि सीनिअरचे प्राध्यापक बसतात. उच्च शिक्षणाच्या मोजणीत अकरावी-बारावी येत नाही. कॉलेजच्या माहितीपत्रकातून नावं मोजायला गेलीस तर फसशील.

पण मला सर्वांत टोचतो तो सीएचबीचा, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचा प्रश्न. नेट-सेट झालेला, पीएचडी असलेला माणूस मोहोळहून एसटीने येतो, इथे दोन तास घेतो, दुपारी दुसऱ्या कॉलेजात पळतो. मानधन तासांवर, तास नाही तर पैसा नाही. डोकी मोजलीस तर तो एक शिक्षक, वर्कलोडने मोजलास तर कदाचित अर्धा. आणि प्रबंधिका तपासून देणं, मुलांच्या अडचणी ऐकणं, हे तो करतोच, ते कुठल्याच रकान्यात येत नाही. अमेरिकेतल्या अर्धवेळ प्राध्यापकांचं दुखणंही याच जातीचं आहे. तुझ्या निबंधाचा खरा विषय मला इथे दिसतो: दोन्ही देश उच्च शिक्षणाचा किती भार अशा माणसांवर टाकतात?

तेव्हा असं कर. ओळखीच्या एखाद्या कॉलेजात जा. एआयएसएचई, म्हणजे केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाची माहिती भरणाऱ्या नोडल अधिकाऱ्यांना भेट. सीएचबी, तात्पुरते, अभ्यागत यांना कुठल्या रकान्यात टाकतात, ते विचार आणि शेजारी बसून बघ. मग मस्टर आणि वेळापत्रक मागून घे आणि एकाच विभागाचे तास स्वतः मोज. संस्थेचं नाव निबंधात घालू नकोस.

चर्चासत्राला अजून अवकाश आहे. दुरुस्त तक्ता घेऊन रविवारी सकाळी घरी ये. अमेरिकेच्या आकड्यांच्या व्याख्या आपण मिळून वाचू.

तुझा,
सर