कंपारीची (कडू, लाल इटालियन मद्य) बाटली घरी आहे, पण शेकर नाही. कोणतं कॉकटेल जमेल?

नेग्रोनी करा, तिला शेकर लागतच नाही. जिन, कंपारी आणि गोड लाल व्हर्मूथ (वनस्पती-मसाल्यांचा स्वाद दिलेली वाइन), प्रत्येकी ३० मिली. ग्लास बर्फाने भरा, तिन्ही ओता आणि ग्लासला बाहेरून दव सुटेपर्यंत लांब चमच्याने ढवळा. बर्फाचे खडे मोठेच घ्या, चुऱ्याने सगळं पाणचट होतं. वरून संत्र्याच्या सालीचा तुकडा पिळा. सालीतल्या तेलाचा बारीक फवारा उडतो, तोच हवा, रस नको.

पहिला घोट कडू लागणारच. अगदीच झेपलं नाही तर जिन वगळून सोडा घाला, झाला अमेरिकानो. मला तर उन्हाळ्यात तोच बरा वाटतो. आणि हो, उघडलेलं व्हर्मूथ फ्रिजमध्ये ठेवा. शेवटी ती वाइनच, बाहेर राहिली की चव जाते.