डिप्रेशनसाठी एस्सिटॅलोप्राम सुरू करून दहा दिवस झाले, फरक नाही, उलट मळमळतंय. गोळी बंद करू का?

नका करू, एवढ्यात तर नकोच. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि लगेच परत ओढून घेतात. ही गोळी ते परत ओढणं अडवते. हे काही तासांतच सुरू होतं, पण मेंदूला त्याच्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, म्हणून मन हलकं व्हायला दोन ते सहा आठवडे जातात. मळमळ मात्र आधी येते, कारण शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं! जेवणानंतर गोळी घेऊन बघा. बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते.

बरं वाटू लागल्यानंतरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात. मग डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. एकदम सोडली तर चक्कर येऊ शकते, मान वळवताना डोक्यात करंट लागल्यासारखं होऊ शकतं.

आणि हे खरंच सांभाळा: ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध स्वतःहून घेऊ नका, या गोळीसोबत सेरोटोनिन फार वाढू शकतं. थरथर, ताप, गोंधळल्यासारखं झालं तर थेट दवाखाना गाठा. सुरुवातीला, विशेषतः पंचविशीच्या आत, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटू शकतं. तसं झालं तर घरच्यांना लगेच सांगा, डॉक्टरांना फोन करा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही चालू असतो.