गाव सोडून गेलेले संघ: वाचकांचे प्रश्न

शहर बदललेल्या अमेरिकन बेसबॉल संघांवरचा लेख मागच्या अंकात आला. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

आयपीएलमधले पुणे वॉरियर्स २०११ मध्ये घरचे सामने आमच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळले आणि पुढच्या वर्षी गहुंज्याला गेले. नेरूळमध्ये कुणाला फारशी हळहळ वाटली नाही. मग न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे लोक १९५७ साली गेलेल्या डॉजर्ससाठी एवढे का झुरले? (नेरूळ)

वॉरियर्स इथे भाडेकरू होते. नाव पुण्याचं आणि मुक्काम एका हंगामाचा, तोही मोजक्या सामन्यांचा. ब्रुकलिनमध्ये डॉजर्स एबेट्स फील्डवर १९१३ ते १९५७ असे ४५ हंगाम खेळले. तेव्हा हंगाम १५४ सामन्यांचा असे, त्यातले ७७ घरच्या मैदानावर. म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर, जवळजवळ दिवसाआड सामना, आणि मैदान भर वस्तीत. आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी डॉजर्सकडून पहिल्यांदा उतरला तो याच मैदानावर. १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशा पाच वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाच्या अंतिम लढती, न्यूयॉर्कच्याच यँकीज संघाकडून हरल्यावर १९५५ मध्ये डॉजर्सनी त्याच यँकीजना हरवलं. ब्रुकलिनचं ते एकमेव विजेतेपद. त्यानंतर दोनच वर्षांत संघ लॉस एंजेलिसला गेला. इतकी वर्षं वाट पाहून मिळालेलं सुख असं हातातून निसटलं, तर माणसं विसरतील कशी?

एबेट्स फील्डवर जेमतेम ३२,००० प्रेक्षक मावत आणि गाड्या लावायला जागा नव्हती. मालक वॉल्टर ओ'मॅली यांना अटलांटिक आणि फ्लॅटबुश अव्हेन्यूच्या नाक्यावर स्वखर्चाने स्टेडियम बांधायचं होतं, पण जमीन शहराने संपादित करून द्यावी अशी त्यांची मागणी होती. न्यूयॉर्कच्या बांधकामांवर ज्यांची पकड होती त्या रॉबर्ट मोझेस यांनी ती नाकारली आणि शहराच्याच क्वीन्स भागातली जागा पुढे केली. लॉस एंजेलिसने शावेझ रवीनची टेकडी देऊ केली. तिथल्या मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांना सरकारी घरांच्या योजनेसाठी आधीच उठवलं होतं. ती घरं कधी झालीच नाहीत, आणि उरलेल्या शेवटच्या कुटुंबांना १९५९ मध्ये जबरदस्तीने बाहेर काढलं. ब्रुकलिनचं दुःख सांगताना या लोकांना वगळू नये, असं आमचं ठाम मत आहे.

२४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवरचा शेवटचा सामना डॉजर्सनी पिट्सबर्गविरुद्ध २–० असा जिंकला. प्रेक्षक होते ६,७०२. अधिकृत घोषणा ८ ऑक्टोबरला झाली. १९६० मध्ये मैदान पाडून तिथे निवासी इमारती उभ्या राहिल्या. डॉजर्सबरोबरच न्यूयॉर्कचे जायंट्सही सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. १९६२ मध्ये आलेल्या न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी रंग घेतला, तो आजही त्यांच्या टोपीवर दिसतो.

मुलाला ब्रुकलिनची 'बी'वाली टोपी घ्यायची आहे, पण ऑनलाइन तीन तऱ्हेचे 'बी' दिसतात. माप कसं ठरवायचं? आधीच्या लोकरी टोपीला पावसाळ्यात बुरशी आली होती. (घोडबंदर रोड, ठाणे)

चटक निळ्या टोपीवर साधा, ठसठशीत पांढरा 'बी' असेल तर ती ब्रुकलिनची. गडद निळ्यावर पांढऱ्या कडेचा, टोकदार लाल 'बी' बोस्टन रेड सॉक्सचा. गडद निळी टोपी, लाल झाप आणि पांढरा 'बी' ही बोस्टन ब्रेव्ह्जची. तेही १९५३ मध्ये मिलवॉकीला आणि १९६६ मध्ये अटलांटाला गेले.

मागे पट्टी नसलेल्या टोपीसाठी टेप कपाळाच्या मध्यावरून आणि कानांच्या बोटभर वरून फिरवा. आलेल्या सेंटिमीटरना ८ ने भागा. ५८ आले तर सव्वासात, ६० आले तर साडेसात. माप दोन नंबरांच्या मध्ये पडलं तर मोठा नंबर घ्या, कारण लोकर ओलावा आणि उष्णता एकत्र मिळाली की आटते.

बुरशी आधी गॅलरीत कोरड्या ब्रशने झाडा, घरात झाडली तर ती कपाटभर पसरेल. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन, आतल्या बाजूला रंग जात नाही ना हे बघून, कापडाने पुसा. घामाची पट्टी बाहेर उलटवा, ओल तिथेच दडून राहते. उपड्या पातेल्यावर ठेवून पंख्याखाली वाळवा, ऊन किंवा ड्रायर नको. जुन्या टोप्यांच्या झापेत पुठ्ठा असतो, त्या पाण्यात बुडवू नयेत. पावसाळ्यात प्लॅस्टिकऐवजी सुती अभ्र्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

वॉशिंग्टन सेनेटर्सचे आकडे शोधताना कधी मिनेसोटा येतं, कधी टेक्सस. चूक कुठे होते? (ऐरोली)

या नावाचे दोन संघ होते. १९०१ ते १९६० चा संघ मिनेसोटा ट्विन्स झाला. १९६१ मध्ये वॉशिंग्टनला नवा संघ मिळाला, तो १९७२ पासून टेक्सस रेंजर्स आहे. विक्रमांची नोंद संघाच्या मालकीमागे जाते, त्यामुळे जुन्या सेनेटर्सचा पिचर (चेंडू फेकणारा) वॉल्टर जॉन्सन याचे विक्रम मिनेसोटाच्या खाती दिसतात. टिपण करताना संघाच्या नावापुढे शहर आणि वर्ष लिहाच. रेट्रोशीट या मोफत संकेतस्थळावर जुन्या संघासाठी 'डब्ल्यूएस१' आणि नव्यासाठी 'डब्ल्यूएस२' असे वेगळे संकेत आहेत.

एक फसवी नोंद ३० सप्टेंबर १९७१ ची. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात यँकीजचे तीनपैकी दोन गडी बाद होते, वॉशिंग्टन ७–५ असं पुढे होतं, आणि निरोपाला आलेले प्रेक्षक मैदानात घुसले. पंचांनी सामना यँकीजना दिला. अशा सामन्याचा निकाल ९–० लिहितात, पण खेळाडूंचे वैयक्तिक आकडे कायम राहतात. विजय किंवा पराभव मात्र कुठल्याही पिचरच्या नावावर लागत नाही. धावांची बेरीज जुळत नसेल तर कारण हेच.

ओकलंड अ‍ॅथलेटिक्स आता कुठे? सामना आपल्याकडे किती वाजता दिसतो? (वाशी)

फिलाडेल्फिया, १९५५ पासून कॅन्सस सिटी, १९६८ पासून ओकलंड असा या संघाचा प्रवास. ओकलंडमधला शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४ रोजी ४६,८८९ प्रेक्षकांसमोर झाला, अ‍ॅथलेटिक्सनी टेक्ससला ३–२ ने हरवलं. त्याआधी १३ जून २०२३ रोजी 'विका' असं लिहिलेले हिरवे शर्ट घालून २७,७५९ लोक मुद्दाम सामन्याला आले होते. प्रेक्षक येत नाहीत म्हणून संघ जातोय, या सबबीला ते उत्तर होतं. तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इतर संघांच्या मालकांनी एकमताने स्थलांतर मंजूर केलं.

२०२५ पासून संघ वेस्ट सॅक्रामेंटोच्या छोट्या मैदानावर, शहराचं नाव न लावता खेळतोय. पुढचा बेत लास वेगासचा आहे. वेस्ट सॅक्रामेंटोतला संध्याकाळी ७:०५ चा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ७:३५ ला सुरू होतो, न्यूयॉर्कमधला त्याच वेळेचा पहाटे ४:३५ ला.