फौजदारकीचा अभ्यास सोडून पोरगी कादंबरी लिहायली

पत्र थोडक्यात असं: "मी जालना जिल्ह्यात पोलीस हवालदार आहे. थोरली मुलगी संभाजीनगरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. खोली, मेस, अभ्यासिका, सगळं पगारातून ओढूनताणून भागवतो. तिनं फौजदार व्हावं ही माझी इच्छा, तिचीही होती. दिवाळीला घरी आली तर बॅगेत पुस्तकांऐवजी तीन रजिस्टरं. त्यात कादंबरी. म्हणे शहरात भुतंखेतं अन् मांत्रिक लपून राहतात, अन् त्यांच्यावर पोलीस कोण तर एक मांत्रिक बाईच. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लिहीत बसायली. बोललो तर म्हणती, 'पप्पा, हा पण अभ्यासच आहे.' काही पानांचे फोटो पाठवतो. पोरीचं डोकं ठिकाणावर आहे का आणि मी काय करू, तेवढं सांगा."

हवालदारसाहेब, नमस्कार.

डोकं ठिकाणावर आहे. उलट तुम्ही पाठवलेली पानं वाचून माझंच काम सोपं झालं. एरवी मुलांचा कल ओळखायला मला चाचण्या घ्याव्या लागतात आणि मुलं त्यात आईबापांना आवडतील अशीच उत्तरं लिहितात. इथं तिनं कुणासाठीही नाही, स्वतःसाठी लिहिलंय. मात्र पानं तिला विचारून पाठवलीत का? पत्रात तसं कुठं दिसलं नाही. नसेल विचारलं तर हे उत्तर दाखवण्याआधी तिला तेवढं सांगून टाका. तिचा राग रास्त असेल, तो ऐकून घ्या.

आता कादंबरीकडे येतो. मलिक अंबरानं बांधलेल्या नहरीच्या बंद पडलेल्या नळांमधून तिची ही सगळी मंडळी ये-जा करते. भडकल गेटच्या अलीकडे त्यांचा कायदा, पलीकडे आपला. त्यातला चकवा रिक्षा चालवतो. सिडको बसस्थानकावरून क्रांती चौकाला निघालेलं गिऱ्हाईक तीनदा सेव्हन हिल्सवरून जातं, तरी मीटरवर बोलायची त्याची हिंमत होत नाही. मी मोठ्यानं हसलो. (आमच्या गल्लीत असा एक रिक्षावाला आहे, आता त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो.)

पण माझं लक्ष दुसरीकडे गेलं. वेताळाशी झालेली मोठी लढाई तिनं चार ओळींत उरकलीय. मंत्र म्हटला, वेताळ हटला, संपलं. आणि गुलमंडीच्या मागच्या वाड्यात छपरावर दगड पडतात त्या प्रसंगाला मात्र पाच पानं! तिची नायिका दगड मोजते, प्रत्येकाला चिठ्ठी बांधते, लाखेचं सील करते, घराचा नकाशा काढते, कुठला दगड कुठल्या कौलावर पडला ते लिहिते. मग पंच, म्हणजे पंचनाम्याला स्थानिक साक्षीदार, हवेत म्हणून अंगणातल्या पिंपळावरच्या मुंजाला खाली बोलावते आणि तिथंच अडते. मुंजा त्या पिंपळावर दोनशे वर्षं राहतोय, म्हणजे स्थानिक रहिवासी आहे यात शंका नाही. पण मेला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. पानाच्या कडेला तिनं बारीक अक्षरात लिहिलंय: 'पंचाचं वय मेल्या दिवसाचं धरायचं का आजचं? पप्पांना विचारणे.'

फोटो तुम्हीच काढलात, पण ही ओळ वाचलेली दिसत नाही.

ज्या मुलांना खाकीचं वेड असतं त्यांच्या गोष्टीत पाठलाग असतो, गोळीबार असतो, सलाम ठोकणारे शिपाई असतात. तुमच्या मुलीच्या पानांत यातलं काहीच नाही. गाडी नाही, स्टार नाहीत, नायिकेचा गणवेश कसला तेही लिहिलेलं नाही. तिथं आहे तो पुरावा, साक्षीदार, हद्द कुणाची, जबाब ग्राह्य धरायचा का नाही. जिथं तिचा हात रेंगाळतो तिथं तिचं मन आहे. माझ्या मते तिचा ओढा फौजदारकीपेक्षा वकिलीकडे जास्त आहे.

कायद्याच्या अंगानं मला दोन ठिकाणी खटकलं, ते तिला जरूर सांगा. एक तर तिची नायिका सगळा पंचनामा कागदावर करते. तुम्ही तिला लहानपणापासून जसं सांगितलं असेल तसं तिनं लिहिलंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू झाली आणि झडती-जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण त्यात आलं. हे तुम्हाला ठाण्यात रोजचंच आहे. आता भुताचं मोबाईलवर चित्रीकरण होतं का, आणि होत नसेल तर जप्ती टिकते का, यावर तिला एक अख्खं प्रकरण मिळेल.

दुसरी गोष्ट मोठी आहे. महाराष्ट्रात जादूटोण्यावर खराखुरा कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, पाच ते पन्नास हजार दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिवाय 'दक्षता अधिकारी' नावाचं पदच त्यात आहे, आणि तो पोलीस निरीक्षकाच्या दर्जाखालचा चालत नाही. म्हणजे तुमच्या मुलीनं जी नोकरी कल्पनेतून काढली ती राजपत्रात छापलेली आहे! फरक एवढाच की हा कायदा म्हणतो, अंगात अलौकिक शक्ती आहे असं भासवून लोकांना फसवणं, छळणं हा गुन्हा. तिच्या जगात शक्ती खरी आहे. मग तिच्या नायिकेनं आधी कुणाला अटक करायची? स्वतःला? हा पेच तिनं अजून हातात घेतलेला नाही. कायदा छोटा आहे, मराठीत उपलब्ध आहे, अनुसूचीसकट एका बैठकीत वाचून होतो.

त्यातही 'भानामती' हा शब्द मराठवाड्यातल्या माणसानं जपून वापरावा. छपरावर दगड पडणं, दांडीवरचे कपडे पेटणं, अंगावर बिब्याच्या फुल्या उठणं, हे आपल्याकडे घरोघर सांगितलं गेलं. पण आळ यायचा तो बहुतेक वेळा एखाद्या एकट्या बाईवर, आणि मग तिला मारहाण. करणी, चेटकाच्या नावाखाली होणारी मारहाण त्या अनुसूचीत आहे ती उगीच नाही. तिच्या वाड्यातली संशयित म्हातारी एकटीच राहते. नायिका तिच्यावर शिक्का मारते की आधी दगड तपासते, याकडे मी श्वास रोखून बघत होतो. तिनं दगड तपासले. हे मला फार आवडलं.

तुम्हाला राग कशाचा आलाय तेही पत्रात दिसतं. नायिका शेवटी आपल्याच मावसभावाला सोडून देते, आणि तुम्ही खाली लिहिलंय, 'असा पोलीस मी चोवीस वर्षांत पाहिला नाही.' साहेब, गावच्या पोलीस पाटलाचा विचार करा. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानं त्याला गावातली खबर वर द्यायला बसवलंय, आणि सोयरीक मात्र त्याला त्याच गावात करायचीय. ज्याची खबर दिली त्याच्याच बांधावरून रोज शेतात जायचंय. तुमची मुलगी तेच लिहितेय, फक्त पात्रं चकवा अन् मुंजा आहेत. नायिकेनं मावसभावाला सोडलं ते बरोबर की चूक, यावर तिच्याशी भांडा. पण कादंबरीच्या आत शिरून भांडा.

आता भाकरीचं बोलू. कादंबरीवर घर चालेल हे डोक्यातून काढा, तिच्याही आणि तुमच्याही. तीनशे रुपयांचं पुस्तक, दहा टक्के मानधन, पाचशे प्रती खपल्या तर हातात पंधरा हजार. तेही खपायला किती दिवस लागतील ते नशीब. 'छापून देतो, पैसे तुम्ही भरा' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. वाचक मात्र आहे. नारायण धारपांच्या गूढकथांमधला समर्थ आजही लोक शोधून वाचतात, आणि प्रतिलिपी, स्टोरीटेलसारख्या ठिकाणी मराठीत गूढकथांना कान आणि डोळे दोन्ही मिळतात. तिला हौसेनं प्रतिलिपीवर काही टाकायचं तर टाकू द्या. अख्खी कादंबरी मात्र नको, हक्क कुणाकडे राहतात ते वाचल्याशिवाय तर नकोच.

शिक्षणाचं असं करा. बी.ए. पूर्ण होऊ द्या. ती कला शाखेची असल्यानं फॉरेन्सिकच्या विज्ञान पदवीचा रस्ता बंद आहे, नाहीतर शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था संभाजीनगरातच आहे. कुणी नातेवाईक सुचवतील म्हणून आधीच सांगून ठेवतो. तिच्यासाठी तीन वर्षांचं एलएल.बी. पदवीनंतर सीईटीनं मिळतं. खुल्या गटाला पदवीत ४५ टक्के लागतात, इतर मागासवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. तिचे पहिल्या वर्षाचे गुण तुम्ही कळवले नाहीत, पण रात्री दोनपर्यंत जागणाऱ्यांचे सकाळचे तास बुडतात हे मला माहीत आहे. तिथं मी तुमच्या बाजूनं आहे. लिहायला रात्री अकराची हद्द घाला आणि ती पाळली तर पुन्हा टोकू नका.

फौजदारकी यानं सुटत नाही. उपनिरीक्षकाला कुठलीही पदवी चालते आणि खुल्या गटाला ३१ वर्षांपर्यंत वय आहे. सीईटीला लागणारं सामान्यज्ञान आणि तर्कबुद्धी दोन्हीकडे उपयोगी पडते. एलएल.बी. करता करताही ती एमपीएससी देऊ शकते, आणि कायदा शिकलेला फौजदार तुमच्या ठाण्यात किती कामाला येईल हे मी तुम्हाला सांगायला नको. न्यायाधीशाच्या परीक्षेचं मनात आलं तर एक ध्यानात असू द्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा घातली. म्हणजे पदवी हातात आली की लगेच परीक्षा, असं होणार नाही. तिची धाव, गोळाफेक सुरू राहू द्या, व्यायामानं कुणाचं बिघडत नाही.

"सरकारी नोकरीत लिहिता येतं का?" असंही तुम्ही शेवटी विचारलंय. निव्वळ साहित्यिक लेखनाला सेवानियम आड येत नाहीत. खात्यातली गोपनीय माहिती आणि चालू गुन्ह्यांचे तपशील तेवढे कादंबरीत यायला नकोत. चकव्याची माहिती गोपनीय नसावी, असा माझा अंदाज.

एक काम तुमच्याकडे. तुमचं कोर्टात जाणं-येणं असतंच. पुढच्या सुट्टीत तिला जालन्याच्या जिल्हा न्यायालयात एक दिवस बसवा. खुनाचा खटला नको, साधा चोरीचा चालेल, ज्यात पंच उलटतात असा. खुल्या न्यायालयात कुणालाही बसता येतं. संध्याकाळी चहाला बसाल तेव्हा काय वाटलं असं विचारू नका, काय काय पाहिलं ते विचारा. ती निकालावर बोलली तर फौजदारकी, आणि उलटतपासणीवर बोलली तर वकिली, हे तुमच्या लगेच लक्षात येईल. मग मला परत लिहा, किंवा तिलाच लिहायला सांगा.

आणि जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, ही कागदं आताच काढायला टाका. तहसीलला जून-जुलैत किती गर्दी होते ते तुम्ही बंदोबस्ताला उभे राहून पाहिलंच असेल.