शेंगेचं टरफल, दाण्याची साल

प्रश्न : माझी नात दुसरीत आहे. परवा भुईमुगाच्या शेंगा खाताना म्हणाली, "आजोबा, सालं कुठे टाकू?" मी म्हटलं, सालं नव्हे, टरफलं. तिने फरक विचारला आणि मला काही सांगता येईना. तसंच, साडीचा काठ आणि किनार एकच का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : तुम्ही नातीला टोकलंत, हे फार बरं केलंत. उत्तर तिच्या हातातच होतं. अंगठ्याने दाबल्यावर टचकन फुटतं ते टरफल. आत दाण्याला चिकटलेली तांबूस, पातळ असते ती साल. दाणे भाजून, हातावर चोळून सुपात पाखडले की ती उडते. टिळकांच्या शाळेतल्या गोष्टीत 'टरफलं'ऐवजी 'सालं' घालून म्हणून बघा, कानाला लगेच खटकेल.

मी असे शब्द हाताच्या कामावरून ओळखते. साल सोलायची, टरफल फोडायचं. म्हणून केळ्याची, बटाट्याची साल आणि अंड्याचं टरफल. शेंगा 'सोलतो' असंही आपण म्हणतोच, तेव्हा हा काही कायदा नव्हे. पण मुलांना ही खूण पटकन कळते. नारळाला तर एकावर एक थर. वरचं सोडण सोलायचं, मग करवंटी फोडायची, आणि वडी पांढरीशुभ्र हवी असेल तर खोबऱ्याची काळी पाठही काढायची. भाताचं तूस वेगळं आणि तांदळाचा कोंडा वेगळा, हे मात्र शहरातल्या मुलांना दाखवणं अवघड आहे.

आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. मे महिन्यात गावाहून रातांबे आले की आई ते फोडून गर आणि बिया बाजूला काढायची. मग जाड लाल सालं मिठाच्या रसात बुडवायची, गॅलरीत उन्हात पसरायची, संध्याकाळी पुन्हा रसात. असं चार-पाच दिवस चालायचं. आमची बोटं जांभळी व्हायची. ती वाळलेली सालं म्हणजेच आमसुलं. आई त्यांना 'सोलं' म्हणायची. सोलकढीतलं सोल ते हेच. फळाची साल टाकून द्यायची नाही, तिलाच जपून ठेवायचं, असं हे एक फळ, म्हणून मला या शब्दाची माया जरा जास्त आहे.

आता काठ आणि किनार. माझ्या कानाला काठ रुंद आणि किनार बारीक. नऊवारीचा चार बोटं रुंद काठ लांबूनही ओळखू येतो. किनार म्हणजे कडेने धावणारी जरीची रेघ. वेगळं कापड लावून कड शिवली तर तो गोट. तांब्याला आणि विहिरीला काठच. काठोकाठ भरतो तो म्हणूनच.

भाकरीला मात्र कड. वर सुटतो तो पापुद्रा, आणि तिचा चौथा भाग म्हणजे चतकोर. चंद्राची असते तीच ही कोर. नातीला गरम भाकरीचा चतकोर मोडून द्या आणि मोडलेल्या दोन्ही बाजू सोडून उरलेल्या गोल कडेवरून तिला बोट फिरवू द्या.