'जन्मजात विकृती' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: एका लहान मुलाच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टात 'कंजेनिटल अ‍ॅनोमली – ट्रेकियल ब्राँकस' असं आलंय. घरच्यांना 'श्वासनलिकेची जन्मजात विकृती' असं सांगितलं तर चालेल का?

शब्द म्हणून चूक नाही, पण मी तो वापरणार नाही. आयुर्वेदात प्रकृतीच्या जोडीला विकृती येते ती मूळ स्थितीतला बिघाड एवढ्याच अर्थाने. रोजच्या मराठीत मात्र 'विकृत' म्हटलं की मनोवृत्तीच डोळ्यांपुढे येते. लेकराबद्दल असा शब्द कानावर पडला की आजी पुढचं काही ऐकणारच नाही.

शिवाय इथे बिघाड म्हणावा असं फारसं काही नसतं. श्वासनलिका छातीत उतरते, तिचे दोन फाटे होतात, त्या श्वसनी. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडाची नळी एरवी उजव्या श्वसनीतून निघते. इथे ती फाट्याच्या वरच, थेट श्वासनलिकेतून निघते. डुकरांत आणि गाई-मेंढ्यांत हीच रचना नेहमीची, म्हणून अख्ख्या खंडाची नळी अशी निघाली तर तिला 'पिग ब्राँकस' असंही म्हणतात. (हे नाव घरी सांगू नका.) १७८५ पासून वैद्यकाला ही रचना माहीत आहे. बहुतेकांना तिचा काहीच त्रास नसतो. काही मुलांना मात्र त्याच खंडात पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो.

म्हणून इथे 'जन्मजात वेगळी रचना' म्हणावं. पण सगळीकडे हाच शब्द चालवणंही खरं नाही. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियात विल्यम्स आणि कॅम्पबेल यांनी एक दुर्मीळ आजार नोंदवला. त्यात मधल्या श्वसनींची कूर्चाच (नळी उघडी ठेवणारा लवचीक आधार) अपुरी असते, श्वास सोडताना त्या मिटतात आणि संसर्ग होत राहतात. तिथे 'जन्मजात दोष'च म्हणायला हवं; 'वेगळेपण' म्हणून रुग्णाचा त्रास झाकू नये.

'उपजत' मात्र नको. तो आपण गोडीला, गळ्याला, हुशारीला लावतो. 'आनुवंशिक' तर नकोच: जन्मजात म्हणजे जन्मापासून असलेलं, आईबापांकडून आलेलंच असं नव्हे. या एका शब्दाच्या गल्लतीने घरात उगाच सुनेकडे बोट दाखवलं जातं.

आणि शब्द कुठलाही वापरा, पुढे कधी ऑपरेशन ठरलं तर हा रिपोर्ट भूलतज्ज्ञांना आधी दाखवा. घशातून घातलेल्या नळीने त्या वरच्या फाट्याचं तोंड बंद होऊ शकतं.